सरसाच्या डब्यातली भूल

मांजर एकच होतं, पण आलं ते दोन पोत्यांत. आतलं पोतं त्यानं रिक्षातच फाडलं होतं, म्हणून वरून दुसरं चढवलेलं. टेबलावर ठेवल्यावर पोत्यातून असा काही आवाज निघाला, की बाहेर बाकापाशी बांधलेल्या दोन धिप्पाड अल्सेशियननी आपापल्या मालकांना ओढत घरचा रस्ता धरला. त्यातल्या एकाचे टाके काढायचे होते. ते शेवटी मालकानंच घरी काढले म्हणतात.

"नाव काय याचं?" मी विचारलं.

"खर्ज्या," पोत्याची गाठ धरून उभी असलेली बाई म्हणाली. "आमच्या गल्लीत सगळ्यात खालचा सूर ह्येचाच हाय."

ही जैनबबी. मिरजेत तिचा सतारी आणि तंबोरे बनवण्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे रस्त्याला लागून दोन खोल्या, त्यात छतापर्यंत रचलेले वाळके भोपळे, भिंतीला टेकलेल्या दांड्या आणि भुशात बसून काम करणारी चार माणसं. नवरा गेल्यावर तिनं आणि तिच्या मुलानं, हारूननं, तो चालू ठेवला होता. खर्ज्या तिथलाच, एका फुटक्या भोपळ्यात जन्मलेला. तो गुरगुरला की भिंतीवरच्या तयार सतारींच्या तरफा, म्हणजे पडद्यांखालच्या बारीक तारा, आपोआप झणझणायच्या. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. ज्याला खोटं वाटेल त्यानं हारूनला विचारावं, तो माझ्यापेक्षा वाढवून सांगेल.

मी तेव्हा सांगलीच्या एका धर्मादाय जनावरांच्या दवाखान्यात भूल देत असे. कापायचं काम डॉक्टर मिणचेकरांचं, झोपवायचं माझं. मिणचेकर हात असा चालवायचे की बघत राहावं. तोंड चालवायचे तेव्हा मात्र दुसरीकडे बघावं. मला ते कधी बेडगे म्हणायचे, कधी नुसतंच "अहो भूल" म्हणून हाक मारायचे.

दोघांनी मिळून, हातात चामड्याचे मोजे घालून, खर्ज्याचं तोंड कसंबसं पाहिलं. हिरड्या लालभडक, दात मुळापासून सडलेले. जैनबबीनं सांगितलं की माशाचा तुकडा ठेवला की तो धावत येतो, एक चावा घेतो, किंचाळतो आणि मग त्या तुकड्याशेजारी नुसता बसून राहतो. दुसऱ्या कुठल्या मांजराला त्याला हात लावू देत नाही, पण स्वतःही खात नाही. एवढा दांडगा बोका, पाठीचे मणके मोजता यावेत असा झाला होता.

मिणचेकर म्हणाले, सगळे दात काढून टाकले की प्रश्न मिटला. मांजराचं दातावाचून अडत नाही, जीभ आणि हिरड्या पुरतात.

तर पहिल्यांदा आम्ही त्याला आमच्या नेहमीच्या रीतीनं झोपवायला घेतलं. भांडखोर मांजरासाठी दवाखान्यात काचेची पेटी होती. मांजर आत सोडायचं, झाकण लावायचं, नळीतून गॅस सोडायचा. गॅसच्या यंत्राला एक चकती असते. ती किती फिरवली त्यावर किती गॅस जाणार ते ठरतं. आमच्याकडे ती झोपल्यावर दोनवर ठेवायची रीत होती. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, माहीत नाही, पण हात आपोआप दोनवर जायचा, जसा चहात साखर घालताना चमचा आपोआप दोनदा जातो.

खर्ज्या पेटीत काही झोपेना. तो काचेवर उड्या मारत होता, भिंतीवर डोकं आपटत होता, फुत्कारत होता. मी चकती तीनवर नेली, चारवर नेली, शेवटी टोकाला लावली. तो पडला तेव्हा आमच्या सगळ्यांच्या अंगाला घाम होता. टेबलावर घेऊन त्याच्या पायाला रक्तदाबाचा पट्टा लावला. त्या यंत्रातून रक्ताचा आवाज ऐकू येतो, सूं सूं असा. आधी तो मंद आला, मग फार मंद, मग येईनासा झाला.

मिणचेकरांनी हातातला चिमटा न वापरता खाली ठेवला. मी गॅस बंद करून नुसता प्राणवायू सोडला. बराच वेळ आम्ही दोघं त्या यंत्राच्या तोंडाकडे पाहत उभे होतो. मग कुठूनतरी लांबून सूं आलं. पुन्हा आलं. खर्ज्या परतला, आणि परतल्या परतल्या त्यानं माझा मोजा फाडला.

नंतर छातीवर यंत्र फिरवून पाहिलं तर त्याच्या हृदयाची भिंत जाड झालेली. असल्या हृदयाला गॅस सोसत नाही. जितका जास्त गॅस, तितका दाब खाली.

मिणचेकरांनी जैनबबीला समोर बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की भूल दिली तर हा टेबलावर जाईल, नाही दिली तर उपाशी जाईल. त्यापेक्षा एक सुई देऊन शांतपणे झोपवू या, म्हणजे त्याचे हाल संपतील.

जैनबबी कधी मोठ्यानं बोलायची नाही. तेव्हाही आवाज चढवला नाही.

"साहेब, म्हंजे ह्येला राग लई येतो म्हणून मारायचा, असंच न्हवं का?"

मिणचेकर चिडले. म्हणाले, रागाचा इथे काय संबंध. पण मला मात्र त्या वाक्यानं रात्रभर झोप लागली नाही, कारण संबंध होता. आम्ही ओतलेला तो सगळा गॅस खर्ज्याला झोपवायला कमी आणि त्याच्या रागाशी कुस्ती खेळायला जास्त लागला होता. भांडून लाल झालेल्या पोराला झोपवायला जोर लागतो. आधीच पेंगुळलेल्याला नुसतं थोपटलं तरी पुरतं. खर्ज्याला घरीच, कुणी पकडायच्या आत, पोत्यात घालायच्या आत, पोटातून काही शांतवणारं दिलं तर? मग तो टेबलावर येईल तोच निम्मा झोपलेला, आणि राहिलेल्या निम्म्याला गॅस कितीसा लागणार?

माणसांच्या नसांच्या दुखण्यावर एक कॅप्सूल मिळते. मांजराला ती दिली की त्याला जग फारसं वाईट वाटेनासं होतं. मी ती भित्र्या मांजरांना प्रवासाआधी देत असे. पण तिच्यामुळे गॅस किती कमी लागतो हे आमच्या दवाखान्यात कुणी कधी मोजलं नव्हतं, कारण कॅप्सूल दिली काय, न दिली काय, चकती आपली दोनवरच.

मिणचेकरांपाशी विषय काढला तेव्हा ते आधी हसले. मग म्हणाले, "एकदा. फक्त एकदा घेईन मी त्याला टेबलावर. दाब पडला की थांबायचं, आणि तिसऱ्यांदा नाव काढायचं नाही. बाईंना हे तुम्ही सांगायचं, मी नाही."

मी सांगितलं. जैनबबीनं मान हलवली आणि कॅप्सुली पदराच्या टोकात बांधून घेतल्या.

आता घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. कॅप्सूल खर्ज्याच्या पोटात जायची कशी? ती फोडून भुकटी माशात कालवली, तर तो मासा खातच नव्हता. दुधात घातली, तर त्यानं वास घेऊन दुधाकडे पाठ केली आणि मागच्या पायांनी माती ओढल्यासारखं केलं. लोण्यात दिली, तर लोणी हारूनच्या शर्टाला पुसलं. पिचकारीनं तोंडात सोडायला गेले, तर हारूनच्या हातावर पाच तारांची सतार उमटली. मग जैनबबीचा निरोप आला की डाक्टरांनीच येऊन बघावं.

मी मिरजेला गेलो. कारखान्यात तंबोऱ्याची तबली बसवायचं काम चाललं होतं. तबली म्हणजे भोपळ्याच्या उघड्या तोंडावर बसवायची लाकडी पातळ फळी. ती सरसानं चिकटवतात. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा डिंक, पाण्यात वितळवून गरम लावायचा. बाजारात तयार डिंकाच्या बाटल्या मिळत होत्या, पण जैनबबीच्या कारखान्यात सरसाचा डबाच चुलीवर चढायचा. त्याचा वास असा, की नवीन माणूस दारातूनच परत जावा.

मी दारात उभा होतो. कोपऱ्यातल्या भोपळ्यांमागून खर्ज्या निघाला. हाडांचा सापळा, पण चाल राजाची. त्यानं माझ्याकडे पाहून एकदा गुरगुरून घेतलं आणि सरळ डब्यापाशी गेला. डब्यातून काढून ठेवलेली काडी निवत पडली होती. तो ती काडी चाटू लागला. डोळे मिटून, हळूहळू, बाळानं चोखणी चोखावी तसा.

"हे रोज चाटतो?" मी विचारलं.

जैनबबी म्हणाली, लहानपणापासूनची खोड हाय, कारखान्यातली समदीच मांजरं चाटतात, त्यात काय सांगायचं. मला तिला तिथेच मिठी मारावीशी वाटली. मऊ, निवलेला, हाडांच्या वासाचा, दातांना न लागणारा घास रोज त्याच्या पोटात जात होता. बहुतेक त्याच्यावरच तो जगला होता.

मी सगळं नीट समजावलं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री एक कॅप्सूल, सकाळी निघण्याआधी एक. एक चमचा सरस वेगळा काढायचा, त्यात भुकटी कालवायची, निवू द्यायचा, चाटवायचा. बाकी पोट रिकामं. जैनबबीनं शब्दन् शब्द परत म्हणून दाखवला.

ठरल्या दिवशी मी दवाखान्याच्या पायरीवर उभा होतो. रिक्षा आली. पोतं नाही. टोपली नाही. जैनबबी मांडी घालून बसलेली, शेजारी हारून, आणि तिच्या मांडीवर खर्ज्या. शाल टाकावी तसा पसरलेला, एक पाय बाहेर लोंबकळत. त्यानं अर्धा डोळा उघडला, मला ओळखलं, गुरगुरायचं मनात आणलं आणि बेत रद्द केला.

मिणचेकर माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"किती दिलं त्याला?" ते म्हणाले.

जैनबबीनं माझ्याकडे पाहिलं, हारूननं जैनबबीकडे. मग ती सांगायला लागली.

त्या घरात एका चुलीवर एका वेळी सरसाचा एकच डबा. दुसरा वेगळा काढला, चमचाभरसुद्धा, तर त्या दिवसाचे सगळे जोड सुटतात, असा तिच्या सासऱ्यांपासूनचा पक्का समज. आदल्या रात्री तिनं मन घट्ट करून चमचा वेगळा काढला, तर खर्ज्यानं त्याला तोंड लावलं नाही. त्याला डब्यातलीच काडी लागायची. म्हणून सकाळी तिनं दोन्ही कॅप्सुली सरळ डब्यात टाकल्या, ढवळल्या, आणि खर्ज्याला काडी दिली. तो चाटत होता तेवढ्यात हारून आत आला. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यानं डबा उचलला, एका तंबोऱ्याची तबली चिकटवून टाकली आणि डबा परत ठेवला. मग खर्ज्यानं पुन्हा चाटला.

"म्हणजे," मिणचेकर सावकाश म्हणाले, "निम्मं औषध मांजरात आहे आणि निम्मं तंबोऱ्यात."

"निम्मं कुठलं, साहेब," हारून म्हणाला. "तबली मोठी हाय. पण त्येनं डबा खालपतूर चाटलाय."

तो तंबोरा पुढे एका बुवांकडे गेला. त्यांच्या मैफलीत पहिल्या आलापालाच लोक पेंगू लागायचे आणि बुवा त्याला आपल्या गाण्यातली शांती समजायचे. हे मात्र मी ऐकलेलं सांगतोय.

त्या क्षणी मला हसू येत नव्हतं. खर्ज्याच्या पोटात एक कॅप्सूल असेल, दीड असेल, पाऊणही असेल. मिणचेकर म्हणाले, रद्द. किती औषध गेलंय ते माहीत नसताना जाड हृदयाच्या मांजराला वर गॅस द्यायचा म्हणजे डोळे बांधून घाट उतरायचा. घरी न्या, पुढच्या आठवड्यात बघू.

जैनबबीनं खर्ज्याच्या पाठीवरून हात फिरवला. मणक्यांवरून बोटं कशी खडखडत गेली ते मी पाहिलं. पुढचा आठवडा त्या पाठीत नव्हता.

"सर," मी म्हणालो, "किती गेलंय ते डब्याला विचारू नका. त्याला विचारू."

"कुणाला?"

"मांजराला. मी दोनवर सुरू करत नाही. तळापासून सुरू करतो. त्याला जेवढा हवा तेवढाच देतो."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं. मग हात धुवायला गेले. होकार देण्याची ती त्यांची रीत होती.

खर्ज्याच्या पायात सुई गेली तेव्हा त्यानं नुसता कान हलवला. शिरेतून अगदी थोडं झोपेचं औषध, घशात नळी, पायाला दाबाचा पट्टा. सूं, सूं, सूं. मी चकतीवर हात ठेवला. खरं सांगतो, हात आपोआप दोनकडे निघाला होता. मी त्याला मनगटाशी धरून मागे आणल्यासारखा मागे आणला आणि चकती एकच्याही आत ठेवली.

मिणचेकरांनी ते पाहिलं. "अहो भूल, हा उठून माझं बोट तोडेल."

"दुसरं आहे की, सर."

मी खर्ज्याच्या पंज्याची बोटं चिमटीत दाबली. पाय ओढला नाही. पापणीला स्पर्श केला. जबडा हलवून पाहिला. सैल, पण अगदी ढिला नाही. असाच मला हवा होता. मी मान हलवली. मिणचेकरांनी पहिला सुळा धरला.

सुळा आला. दुसरा आला. श्वास एकसारखा चालला होता. बाहेर हारूनच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या, आत सूं सूं. मग खालच्या जबड्यातली मागची दाढ मिणचेकर हलवायला लागले, आणि तो आवाज पातळ झाला.

मिणचेकरांचा हात थांबला. दोघांनाही तो जुना दिवस आठवला होता.

"दाब पडतोय," ते म्हणाले. "ठरलं होतं आपलं. थांबतो मी."

नेहमीच्या दिवशी मीही थांबवलं असतं. पण मी खर्ज्याचा जबडा पुन्हा हलवून पाहिला. मघापेक्षा ढिला झाला होता, पिशवीसारखा. त्याला आता एवढाही गॅस नको होता. सरस पोटात आत्ता कुठे विरघळला होता आणि भूल वाढत चालली होती.

मी चकती आणखी खाली आणली. जवळजवळ बंद.

"बेडगे." मिणचेकर पहिल्यांदाच आवाज न चढवता बोलले. "तो जागा होईल."

"नाही होणार. तो आतूनच झोपलाय. आपण नुसतं बाजूला व्हायचंय."

सूं तसाच पातळ. पुन्हा पातळ. मग किंचित भरला. मग आणखी भरला. आणि मग असा घुमायला लागला, की मिणचेकरांनी मुखवट्याआड ओठ चावून हसू दाबलं, ते मला त्यांच्या कानांवरून कळलं.

"काढू का मी दाढ, की मांजराला विचारून सांगता?"

"काढा, सर. तो हो म्हणतोय."

शेवटचा दात ट्रेमध्ये टणकन पडला तेव्हा चकती जिथे होती तिथे ती त्या दवाखान्यात याआधी कधी कुणी उभी पाहिली नव्हती. टाके घातले, गॅस बंद केला. मी खर्ज्याच्या डोक्याशी बसलो. जैनबबीला आत बोलावलं. ती आली, जमिनीवर बसली, पण त्याला हात लावेना. म्हणाली, जागा होऊ दे आधी, नाहीतर मला वाटंल माझ्याच हातानं हललाय.

शेपटीचं टोक हललं. मग मिशा. मग खर्ज्यानं डोकं उचललं, सगळ्यांकडे एकवार पाहिलं, आणि पोटातून तो सूर काढला. दवाखान्यात सतारी नव्हत्या, पण सलाईनचा लोखंडी स्टँड मात्र किणकिणला. जैनबबीनं तोंडाला पदर लावला आणि बराच वेळ तो काढला नाही. मिणचेकर मला म्हणाले, नोंद करा, चकती कुठे होती ती. दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येक मांजराच्या मालकाला फोन करून विचारू लागले, घरून काय देऊन आणताय, आणि मग माझ्याकडे वळून, "हं, विचारा त्याला, किती हवाय."

पण खरी गोष्ट ती नाही. दात निघाले म्हणजे खाईलच असं नसतं. दुखण्याची आठवण हिरड्यांपेक्षा जास्त दिवस टिकते. जैनबबीचे रोज फोन यायचे, सरस चाटतो, दुसऱ्याला तोंड लावत नाही. टाके विरघळले, हिरड्या गुलाबी झाल्या, तरी तेच. शेवटी एका सकाळी मी मिरजेला निघालो. मिणचेकर म्हणाले, मला त्या बाजूला काम आहे. त्यांना त्या बाजूला काहीही काम नव्हतं.

जैनबबीनं बांगडा उकडून, काटे काढून, बोटांनी लोण्यासारखा मळला होता. ताटली भुशात ठेवली. खर्ज्या भोपळ्यांमागून आला. ताटलीपाशी बसला. आधी बसायचा तसाच, नुसता बसून राहिला.

हारूननं हातातली तार सोडली. दुसऱ्यानं रंधा ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं, पण कारखान्यातला एकेक आवाज बंद पडत गेला.

खर्ज्यानं वाकून वास घेतला. जिभेचं टोक लावलं आणि मागे सरकला. किंचाळायची वाट पाहत असल्यासारखा थांबला. किंकाळी आली नाही. त्यानं पुन्हा जीभ लावली. मग एक घास. मग तोंड सगळंच्या सगळं ताटलीत गेलं, आणि त्या शांत खोलीत चपचप, चपचप असा आवाज सुरू झाला. उभा जन्म सुरांवर कान लावून बसलेली ती माणसं. तो आवाज ती सगळी मान खाली घालून ऐकत होती. ताटली सरकत सरकत भिंतीला जाऊन लागली तरी तो थांबेना.

मिणचेकर उकिडवे बसून, हात गुडघ्यांवर ठेवून, नाक जवळजवळ ताटलीला लावून पाहत होते. चष्म्यावर वाफ जमली होती. ती बांगड्याची नव्हती.

जैनबबीनं त्यांच्या खांद्याला हळूच बोट लावलं.

"साहेब, जरा मागं सरा," ती म्हणाली. "जेवणाऱ्याकडं असं टक लावून बघू न्हाई."